यानातच बसून बोला: अंतराळाच्या मालिका आणि मुलांशी गप्पा

एपिसोड संपल्या संपल्या "मग, काय शिकलास यातून?" असं विचारू नका. हा प्रश्न कानावर पडला की मुलाला कळतं, परीक्षा सुरू झाली. मग ते "एकमेकांना मदत करावी", "धाडसी असावं" असलं आपल्याला आवडणारं उत्तर देऊन मोकळं होतं, आणि डोक्यात खरोखर जे घोळत असतं ते तिथंच राहतं. मी पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते. घरी नऊ वर्षांची मुलगी आहे, पाच वर्षांचा मुलगा आहे, आणि यान, रोबो, परग्रह, पाठलाग अशा मालिका आमच्याकडे भरपूर बघितल्या जातात. पालकसभेतही हा विषय हमखास निघतो: मूल हे सगळं तल्लीन होऊन बघतं, पण त्याच्याशी यावर बोलायचं कसं?

माझं सांगणं असं की गोष्टीतून बाहेर पडायची घाई करू नका. यानातच बसून बोला. "तुला शाळेत कशाची भीती वाटते?" असं विचारलं तर मूल "कशाचीच नाही" म्हणून निघून जाईल. "कप्तानाचे हात थरथरत होते, पाहिलंस?" असं म्हणा, तेच मूल बराच वेळ बोलत राहील, आणि त्यात त्याचं स्वतःचं बरंच काही येईल. परग्रह घरापासून इतका लांब असतो की तिथं मनातलं बोलायला मुलाला संकोच वाटत नाही. ही लांबी आपणच मिटवून टाकायची नाही. जमिनीवर कधी उतरायचं ते मुलानं ठरवायचं.

आधी शेजारी बसून बघा

न बघितलेल्या मालिकेवर गप्पा होत नाहीत, चौकशी होते. म्हणून नवी मालिका सुरू झाली की पहिले काही एपिसोड मुलासोबत पूर्ण बघा. हातात फोन नको. यानात कोण कोण आहे, कोण कोणाचं ऐकतं, रोबो बिघडला की नेमकं काय होतं, व्हिलनला काय हवंय हे तुम्हाला माहीत असलं की मुलाच्या नजरेत तुम्ही त्याच टोळीतले होता. पुढे रोज बसायला जमलं नाही तरी चालतं. मूल आपणहून हकीकत सांगायला येतं, कारण सांगितलेलं तुम्हाला कळणार आहे याची त्याला खात्री असते.

बघताना मध्ये मध्ये थांबवू नका. आमच्याकडे नियम असा की एका एपिसोडमध्ये प्रत्येकाला एकदाच पॉज करता येतं, मलासुद्धा. त्यामुळे मी ते एकमेव पॉज जपून वापरते, आणि मुलं कुठे वापरतात ते बारकाईनं बघते. मूल जिथं थांबवतं तिथं काहीतरी असतं. कधी नुसतं पाणी प्यायचं असतं, पण बऱ्याचदा तो सीन त्याला पेलत नसतो.

ऑटोप्ले मात्र बंदच ठेवा. पुढचा एपिसोड काही सेकंदांत आपोआप सुरू झाला की आधीच्याचं जे काही मनात साचलं होतं ते वाहून जातं. आणि गप्पा लगेच व्हायला हव्यात असंही नाही. माझा अनुभव आहे की समोरासमोर बसून मुलं कमी बोलतात. अंघोळ घालताना, कपड्यांच्या घड्या करताना, अंथरुणात दिवा मालवल्यावर, चालता चालता ती मोकळी होतात. डोळे दुसरीकडे असले की तोंड सैल सुटतं.

निर्णयाच्या जागी प्रश्न विचारा

या मालिकांमध्ये एक प्रसंग फिरून फिरून येतो: यानाचं दार बंद आहे, दोन साथीदार बाहेर अडकलेत, ऑक्सिजन संपत आलाय आणि आतल्या एकट्याला ठरवायचंय. दार उघडलं तर आतली हवा जाईल, नाही उघडलं तर बाहेरचे जातील. मी माझ्या धाकट्याला रात्री विचारलं, "तू आत असतास तर काय केलं असतंस?"

"उघडलं असतं. पण आधी तुला विचारलं असतं."

"मी तर यानात नाहीये."

बराच वेळ शांत. मग म्हणाला, "रोबोला विचारेन. पण त्याला सगळं माहीत नसतं."

"मग?"

"मग मीच उघडेन. पण ताई हात धरेल."

यातलं "आधी तुला विचारलं असतं" हे त्याचं खरं होतं. आई जवळ नसताना आपण काय करू, हा त्या दिवसांत त्याच्या मनातला मोठा प्रश्न होता, कारण त्याची शाळा नुकतीच सुरू झाली होती. मी शाळेचा शब्दही काढला नाही. "ताई कुठला हात धरेल, बटण दाबायचा की दुसरा?" एवढंच विचारलं. त्यानं नीट विचार करून "दुसरा" असं सांगितलं आणि झोपला. इथं "बघ, म्हणजे शाळेत पण तसंच करायचं" असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरा. तुम्ही तसं म्हणालात की पुढच्या वेळी मूल सावध होईल आणि यानाची दारं आपल्यासाठी बंद होतील.

म्हणून प्रश्न विचारायचा तो निर्णयाच्या जागेवर. कोण बरोबर, कोण चूक हे विचारू नका. त्या क्षणी तू काय केलं असतंस, हे विचारा. माझा आवडता प्रश्न मात्र वेगळाच आहे: "कॅमेरा जिथं नव्हता तिथं काय चाललं होतं?" टोळी व्हिलनच्या मागे धावत असताना यानात एकटा राहिलेला रोबो काय करत होता? पृथ्वीवर कप्तानाच्या घरी तेव्हा कोण काळजी करत होतं? याला चुकीचं उत्तरच नसतं, त्यामुळे बुजरी मुलंही बोलतात. वर्गात एका अगदी अबोल मुलीनं सांगितलं होतं की रोबो सगळ्यांच्या खुर्च्या त्यांच्या मापाच्या करून ठेवत होता, म्हणजे आल्यावर त्यांना बरं वाटेल. त्या मुलीबद्दल मला त्या एका वाक्यातून जेवढं कळलं तेवढं त्याआधी कळलं नव्हतं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी आणखी एक विचारा: कामं कोणी केली आणि शाबासकी कोणाला मिळाली? यान दुरुस्त करणारी एक, आणि टाळ्या दुसऱ्याला, असं पुष्कळदा असतं. मुलींना कुठली कामं दिलीत हेही मुलं मग स्वतःच मोजायला लागतात. तेव्हा अंतराळात गेलेल्या पहिल्या बाईबद्दल, व्हॅलेंतिना तेरेश्कोवाबद्दल सांगा. १९६३ साली ती एकटीच यानात बसून जवळजवळ तीन दिवस पृथ्वीभोवती फिरली, ४८ फेऱ्या. माझ्या लेकीनं हे ऐकल्यावर तिच्या मालिकेतल्या कप्तानाच्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला स्वतःचं यान देऊन टाकलं आणि तिची वेगळी गोष्ट लिहायला घेतली.

प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. मोठ्यांना ही शांतता जड जाते आणि ती आपणच बोलून भरून काढतात. मूल तेवढ्या वेळात यानात फिरून येत असतं.

घाबरल्यावर

राक्षसांना मुलं फारशी घाबरत नाहीत, निदान मी पाहिलेली तरी. त्यांना धसका बसतो तो दोर तुटून कोणी काळोखात लांब लांब जातं याचा, किंवा यान आपल्याला सोडून निघून जातं याचा. टाकून दिलं जाण्याची ही भीती आहे, आणि "अरे, ते खोटं असतं" म्हटल्यानं ती जात नाही. सीन खोटा असला तरी पोटातला गोळा खरा असतो. अशा वेळी मी खऱ्या अंतराळवीरांची व्यवस्था सांगते, कारण मुलांना कोणीतरी आधीच विचार करून ठेवलाय हे ऐकायचं असतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना अंतराळवीर दोरानं बांधलेले असतात. दोर सुटलाच तर परत येता यावं म्हणून नासाच्या सूटवर वायूच्या फवाऱ्यांवर चालणारं छोटं यंत्रही बसवलेलं असतं. बाहेर सहसा दोघं जातात आणि आतले त्यांच्याशी सतत बोलत असतात.

आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना लुका पार्मितानो या इटालियन अंतराळवीराची हकीकत सांगता येते. जुलै २०१३ मध्ये तो स्थानकाबाहेर असताना त्याच्या हेल्मेटमध्ये पाणी गळायला लागलं. तिथं पाणी खाली पडत नाही, चेहऱ्याला चिकटून राहतं. ते डोळ्यांवर, नाकावर चढलं. त्याला नीट दिसेना, ऐकू येईना. तो दोराचा अंदाज घेत घेत दारापर्यंत परत आला, साथीदारानं मदत केली आणि तो सुखरूप आत पोचला. ही गोष्ट सांगितली की मुलं लगेच तपशिलात शिरतात: पाणी कुठून आलं, तो ओरडला का, दोर कुठल्या हातात होता. भीतीला असा तपशील मिळाला की तिचा आकार लहान होतो.

"सूट फाटला तर माणूस फुटतो का?" हा प्रश्न येणारच, कारण पडद्यावर तसं दाखवतात. फुटत नाही. १९६६ मध्ये नासाच्या एका निर्वात कक्षात चाचणी चालू असताना जिम लेब्लांक या तंत्रज्ञाच्या सूटमधली हवा नळी निसटल्यानं गेली. तो साधारण चौदा सेकंदांत बेशुद्ध पडला, कक्षात पटकन हवा सोडली आणि तो शुद्धीवर आला. शेवटचं आठवतं ते जिभेवरची लाळ बुडबुडत होती, असं त्यानं नंतर सांगितलं. मोठ्या मुलांना हे भयंकर आवडतं. पाच वर्षांच्याला मात्र "फुटत नाही, पण हवा लागतेच, म्हणून सूट दोनदा तपासतात" एवढं पुरे.

मृत्यूचा विषय निघाला तर खोटं बोलू नका. यानात कुत्रं असलेली मालिका बघितली की कधीतरी लायकापर्यंत गोष्ट पोचते. ३ नोव्हेंबर १९५७ ला सोव्हिएत संघानं तिला स्पुटनिक २ मधून पाठवलं. परत आणायची सोयच नव्हती, आणि उष्णता वाढून ती काही तासांतच गेली. माझ्या मुलानं विचारलं तेव्हा मी "ती परत आली नाही, आणि तिला विचारलंही नव्हतं" असं सांगितलं. त्याला राग आला. तो राग योग्य होता, म्हणून मी तो शांत करायला गेले नाही. दुसऱ्या दिवशी बेल्का आणि स्ट्रेल्काबद्दल सांगितलं: १९६० साली या दोघी कुत्र्या पृथ्वीभोवती फिरून जिवंत परत आल्या, स्ट्रेल्काला पुढे पिल्लंही झाली. त्यातलं एक, पुशिंका, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरी, केनेडींच्या मुलांकडे गेलं. ही दुसरी गोष्ट पहिलीला पुसायला सांगायची नसते. दोन्ही सांगायच्या.

कल्पना चावलाचं नाव मुलांना शाळेत कळतंच. १ फेब्रुवारी २००३ ला ती ज्यात होती ते कोलंबिया यान परतताना तुटलं आणि सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. पंखाला भोक पडलं, परतताना तापलेला वायू त्यातून आत शिरला. मुलं यापुढे विचारतात ते "पुन्हा होईल का?" असं. "कधीच नाही" हे उत्तर खरं नाही आणि त्यांना ते पटतही नाही. पुढच्या उड्डाणांमध्ये वर गेल्यावर यानाचं उष्णतेपासून रक्षण करणारं आवरण कॅमेऱ्यानं तपासायला लागले, एवढं सांगा. चूक शोधून त्यावर काम केलं गेलं, हे मुलांना कळतं आणि तेवढ्यावर त्यांना झोप लागते.

चुकीचं विज्ञान दिसलं तर

विज्ञान शिकवत असल्यामुळे लोकांना वाटतं मी सोफ्यावर बसून चुका काढत असेन. मी तसं करत नाही आणि तुम्हीही करू नका. "असं काही नसतं" हे वाक्य मधेच आलं की मुलाची मजा जाते, आणि विज्ञान म्हणजे मजा घालवणारी गोष्ट अशी खूणगाठ बसते. एपिसोड संपल्यावर, "हे खरंच झालं असतं तर कसं दिसलं असतं?" असा खेळ करा.

आवाजापासून सुरुवात करता येते. अंतराळात स्फोट होतो आणि धडाम ऐकू येतं. मुलाला टेबलावर कान टेकवायला सांगा आणि दुसऱ्या टोकाला बोटानं हलकं टकटक करा. लाकडातून आवाज कसा मोठा येतो! मग कान उचलून तीच टकटक ऐकू दे. आवाजाला जायला काहीतरी लागतं, लाकूड, पाणी, हवा. बाहेर यातलं काहीच नाही. आता खरा प्रश्न: स्फोटातला तुकडा यानावर येऊन आपटला तर आतल्यांना ऐकू येईल का? येईल, कारण यानाचा पत्रा हलतो आणि आत हवा आहे. हे माझ्या वर्गातल्या मुलांनी न सांगता शोधून काढलं, आणि मग प्रत्येक एपिसोडमध्ये "आता कॅमेरा आत होता की बाहेर?" अशी तपासणी सुरू झाली. चूक पकडण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

तरंगण्याबद्दल मोठ्यांचाही गोंधळ असतो. वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून अंतराळवीर तरंगतात, असं आपण सांगून टाकतो. स्थानक जमिनीपासून जेमतेम ४०० किलोमीटरवर आहे; तिथं पृथ्वीची ओढ इथल्या जवळपास ९० टक्के आहे. स्थानक आणि आतली माणसं ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगानं पुढे जात असतात आणि त्याच वेळी पृथ्वीकडे पडतही असतात. सगळं एकाच वेगानं पडत असल्यानं कोणी कोणावर टेकत नाही. पृथ्वी गोल, म्हणून ते पडत राहतात आणि जमीन काही येत नाही. दर दीड तासानं एक फेरी, दिवसातून साधारण सोळा सूर्योदय.

हे नुसतं सांगून डोक्यात शिरत नाही. प्लॅस्टिकची बाटली घ्या, तळाजवळ बाजूला खिळ्यानं भोक पाडा, बोटानं ते बंद करून पाणी भरा. झाकण लावू नका. बाटली उंच धरून बोट काढा: पाण्याची धार बाहेर येते. आता बाटली खालच्या बादलीत सोडून द्या. पडत असताना धार थांबते! बाटली आणि पाणी बरोबरच पडतंय, त्यामुळे पाण्याला बाहेर ढकलणारा दाबच उरत नाही. पडण्याचा वेळ इतका थोडा असतो की पहिल्यांदा कोणालाच दिसत नाही, म्हणून फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. खाली पुसायला फडकं ठेवा आणि सगळ्यांना सोडू द्या. माझ्या मुलानं व्हिडिओ बघून विचारलं, "म्हणजे बाटलीत बसलेली मुंगी आता अंतराळवीर झाली?" झाली, तेवढ्या क्षणापुरती झाली.

लघुग्रहांच्या गर्दीतून वेडंवाकडं यान चालवण्याचे सीन बघायला छान असतात, त्यांची मजा घेऊ द्या. मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या खऱ्या पट्ट्यात दोन लघुग्रहांमध्ये सहसा लाखो किलोमीटरचं अंतर असतं. १९७२ साली निघालेलं पायोनियर १० हे यान तो पट्टा सगळ्यात आधी ओलांडून सुखरूप पलीकडे गेलं.

सगळ्यात रंगतो तो संदेशाचा खेळ. मालिकेत कप्तान पृथ्वीशी व्हिडिओ कॉलवर बोलतो आणि उत्तर लगेच येतं. प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. चंद्रापर्यंत साधारण सव्वा सेकंद लागतो, तेवढं चालून जातं. मंगळापर्यंत मात्र ग्रह कुठं आहेत त्यावर तीन ते बावीस मिनिटं, आणि ती फक्त जायची. एक मूल एका खोलीत, म्हणजे मंगळावर. दुसरं दुसऱ्या खोलीत, पृथ्वीवर. बोलायचं चिठ्ठीनं. पोस्टमन तुम्ही. चिठ्ठी हातात आली की टायमर लावून पाच मिनिटांनीच पोचवायची.

माझ्या लेकीची पहिली चिठ्ठी होती: "दार अडकलंय, काय करू?" पोचायला पाच मिनिटं, उत्तर यायला पाच. तोवर ती वैतागली. पृथ्वीवरून उत्तर आलं, "कुठलं दार?" आणखी दहा मिनिटं गेली. त्यानंतरची तिची चिठ्ठी अशी होती: "यानाचं मागचं दार अडकलंय. ढकलून बघितलं. आता खिडकीतून जाते. तुझं उत्तर येईपर्यंत थांबत नाही, पण सांगून ठेवते." संदेश कसा लिहावा हे ती शिकली, आणि लांब गेल्यावर निर्णय स्वतः घ्यायचे असतात हेही. यावर मी काहीच बोलले नाही, पर्सिव्हिअरन्स या नासाच्या रोव्हरची, म्हणजे मंगळावर चाकांवर फिरणाऱ्या यंत्राची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते रोव्हर मंगळावर उतरलं तेव्हा संदेश पोचायला सुमारे अकरा मिनिटं लागत होती, आणि वातावरणात शिरून जमिनीवर टेकायला सातच. म्हणजे "शिरतोय" ही बातमी पृथ्वीवर आली तेव्हा ते उतरून मोकळं झालेलं होतं. मदत करणं कोणाच्याच हातात नव्हतं. जे शिकवायचं ते आधीच शिकवून ठेवलेलं होतं.

याच्या जोडीला अपोलो १३ सांगा. एप्रिल १९७०, चंद्राच्या वाटेवर ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघांना चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घ्यावा लागला. ते होतं दोघांपुरतं, दोन दिवसांचं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचायला लागला. तो शोषणारे मुख्य यानातले डबे चौकोनी, आणि छोट्या यानातली त्यांची जागा गोल. जमिनीवरच्या अभियंत्यांनी वर जे होतं त्यातूनच तोडगा काढला: प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुस्तिकांची जाड कव्हरं, सूटची नळी, चिकटपट्टी. मग कृती तोंडी सांगितली आणि वरच्यांनी तसं बनवलं. हे सांगून झालं की मुलांसमोर घरातल्या सात-आठ फुटकळ वस्तू ठेवा, "चौकोनी डबा गोल नळीला जोडायचाय" म्हणा आणि बाजूला व्हा. इथं चंद्र होता म्हणून पृथ्वीशी बोलत बोलत काम झालं. मंगळावर हेच झालं असतं तर? हा प्रश्न मुलं आपापसात भांडून सोडवतात. त्यात पडू नका.

परग्रहावरचे आणि आपण

जवळजवळ प्रत्येक मालिकेत टोळी कुठल्या तरी ग्रहावर उतरते, चकाकतं काहीतरी उचलते आणि मग तिथले लोक चिडतात. चिडणाऱ्यांना व्हिलन म्हणून दाखवतात. मला हा भाग गप्पांसाठी फार मोलाचा वाटतो. "ते चिडले का?" असं विचारा आणि पुढे, "त्यांच्या बाजूनं हाच एपिसोड सांग बघू." माझी लेक यात हळूहळू तरबेज झाली, आता ती व्हिलनचं म्हणणं इतकं नीट मांडते की धाकटा बाजू बदलतो.

खऱ्या अंतराळमोहिमांमध्ये या गोष्टीची काळजी घेतली जाते हे मुलांना ऐकवा. शनीभोवती तेरा वर्षं फिरलेल्या कसिनी यानाचं इंधन संपत आलं तेव्हा ते १५ सप्टेंबर २०१७ ला मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून जाळलं. एन्सेलाडस या शनीच्या चंद्रावर बर्फाखाली पाणी आहे. यान कधी चुकून त्याच्यावर पडलं असतं तर पृथ्वीवरचे जंतू तिथं पोचले असते. तिथं कोणी राहतं की नाही हे माहीतही नव्हतं, तरी एवढी काळजी घेतली. आणि १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्र किंवा दुसरा ग्रह कुठल्याही देशाला आपल्या मालकीचा म्हणता येत नाही. "झेंडा लावला की आपला" हे मुलांना मालिकांमधून सहज पटलेलं असतं, म्हणून एवढं आवर्जून सांगावं.

मग ओळख करून द्यायची कशी? १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, मराठीतलाही. पावसाचा, व्हेलचा आवाज आहे, आई बाळाशी बोलतेय तो आवाज आहे, आणि शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचं गाणं आहे. व्हॉयेजर १ तर २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याचा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या कणांचा प्रदेश ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरलं. म्हणजे आपली भाषा तिथं आहे! हे सांगताना माझा आवाज दरवेळी चढतो. त्यानंतर मुलांना त्यांची तबकडी करू द्या: फोनवर पाच आवाज रेकॉर्ड करायचे, परग्रहावरच्या कोणाला तरी पाठवायला. काय निवडलं आणि का, याची चर्चा कुठल्याही ठरवून केलेल्या गप्पांपेक्षा खोल जाते. धाकट्यानं दाराच्या कडीचा आवाज घेतला, मी कामावरून परत आल्यावर होतो तो.

मूल बोलतच नसेल तर

काही मुलं बोलत नाहीत. त्यांना कागद द्या आणि यानाचा आतला नकाशा काढायला सांगा. कोण कुठं झोपतं, बाहेर बघायची खिडकी कोणाच्या वाट्याला, कोणाच्या खोलीला कडी आहे. चित्र कसं आलंय यावर बोलू नका, "इथून इथं जायला रस्ता कुठला?" असं विचारा. तीन-चार वर्षांच्या मुलांना नकाशा जमत नाही; त्यांच्याबरोबर खुर्च्या मांडून यान करा आणि तुम्ही त्यांच्या हुकमाखाली काम करा. बारा-तेरा वर्षांच्यांना हे पोरकट वाटतं. त्यांना लेखकाच्या खुर्चीत बसवा: हा शेवट तू बदलला असतास का, ही माघार पटली का.

आणि मग एखाद्या दिवशी मूल आपणहून म्हणेल, "आमच्या वर्गात पण एकाला असंच कोणी यानात घेत नाही." ते जमिनीवर उतरलंय. आता मालिका बाजूला ठेवा, कप्तान आणि रोबो पुन्हा मध्ये आणू नका. साधं विचारा: "कोणाला? मग काय होतं?" त्याचं सांगून होईपर्यंत उपाय सुचवू नका. तो "एक" तुमचंच मूल आहे असं वाटलं, तरी ते त्याच्या तोंडून येऊ द्या. कोणी मारतंय, धमकावतंय, नको तिथं हात लावतंय असं काही निघालं, तर आवाज न चढवता "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी वर्गशिक्षिकांना जाऊन भेटा. जाण्याआधी मुलाला सांगून जा.